वेगमापक, मोटारसायकलचा : त्रुटी व दुरुस्ती

धावत्या मोटारसायकलचा त्या क्षणीचा वेग तबकडीवरील काट्याने किंवा अंकांनी दाखविणाऱ्या उपकरणाला वेगमापक म्हणतात. व्यवहारात ते ‘स्पीडोमीटर’ किंवा नुसते ‘मीटर’ या नावाने ओळखले जाते. धावलेल्या एकूण अंतराची नोंद करणारा अंतरमापकही बहुधा त्याच पेटीत बसविलेला असतो. वेगमापक रस्त्यावरील वेग प्रत्यक्ष मोजीत नाही. तो चाकाचे, किंवा चाकाशी जोडलेल्या एखाद्या दंतचक्राचे, फेरे घेतो आणि त्यांवरून वेग दर्शवितो. चाकाच्या एका फेऱ्यात वाहन किती पुढे सरकते, हे निर्मात्याने आधीच गृहीत धरलेले असते. हे गृहीत बदलले अथवा फेऱ्यांचे काट्याच्या विचलनात रूपांतर करणारी यंत्रणा बिघडली, म्हणजे दर्शविलेला वेग व खरा वेग यांत तफावत पडते. तफावत कोठे उद्‌भवली हे न शोधता काटा मागेपुढे केल्यास एक चूक झाकली जाऊन दुसरी निर्माण होते. त्यामुळे वेगमापकाच्या दुरुस्तीत निदानाला सर्वाधिक महत्त्व आहे.

वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवीत असेल, तर ती त्रुटी धोक्याची ठरते. रोधनासाठी (ब्रेक लावून वाहन थांबविण्यासाठी) लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काटा ताशी ६० किमी. दाखवीत असता खरा वेग ६६ किमी. असेल, तर वेग एकदशांशाने जास्त असला, तरी रोधनाचे अंतर सु. २१ टक्क्यांनी वाढलेले असते. शिवाय वेगमर्यादेचा भंग चालकाच्या नकळत होतो. अंतरमापक चुकीचा असल्यास तेल बदलण्याची वेळ, टायरचे आयुष्य व इंधनाचा खप या सर्वांचे हिशेब चुकतात. अंतर ५ टक्के जास्त नोंदले गेले, तर लिटरला ५० किमी. जाणारी गाडी ५२·५ किमी. जाते असा समज होतो.

इतिहास : फिरत्या तांब्याच्या चकतीजवळ टांगलेली चुंबकसूची चकतीबरोबर ओढली जाते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांना १८२४ च्या सुमारास आढळले. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यावर या आविष्काराचे स्पष्टीकरण मिळाले. याच तत्त्वावर आधारलेल्या वेगमापकाचे एकस्व (पेटंट) ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये जर्मनीत घेतले. त्यानंतर सु. ऐंशी वर्षे बहुसंख्य मोटारगाड्या व मोटारसायकली यांवर मुख्यत्वे हीच रचना वापरात होती. ब्रिटिश मोटारसायकलींवर १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत घड्याळी पद्धतीचा वेगमापकही प्रचलित होता. त्यात ठराविक अल्प कालावधीतील फेरे घड्याळाच्या यंत्रणेने मोजले जात आणि काटा लहान लहान टप्प्यांनी सरके. त्यात चुंबक नसल्यामुळे चुंबकाच्या दुर्बलतेचा दोष त्याला लागत नसे. मात्र घड्याळी यंत्रणेची झीज त्याच्या अचूकतेस बाधक ठरे.

रचना व कार्य : चुंबकीय वेगमापकाला फेरे पुरविणारी केबल अनेक थरांत वळलेल्या पोलादी तारांची असून ती लवचिक नळीत फिरते. तिची टोके चौकोनी असतात. एक टोक चाकाच्या तुंब्यावरील अथवा गिअरपेटीवरील लहान दंतचक्रात आणि दुसरे वेगमापकाच्या दंडात बसते. दंडावर एक स्थायी चुंबक बसविलेला असतो. चुंबकाभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते व काटा या वाटीच्या दंडाला जोडलेला असतो. चुंबक फिरू लागला म्हणजे वाटीत भोवऱ्याप्रमाणे बंद मार्गांनी वाहणारे आवर्त प्रवाह प्रवर्तित होतात. त्यांच्यामुळे वाटीवर परिपीडन (पीळ निर्माण करणारी प्रेरणा) कार्य करते आणि ती चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढली जाते. हे परिपीडन फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात असते. वाटीला जोडलेली केसासारखी बारीक सर्पिल स्प्रिंग त्याला विरोध करते. दोन्ही परिपीडने समान होतात तेथे काटा स्थिरावतो.

तापमान वाढले की ॲल्युमिनियमचा विद्युत् रोध दर अंश सेल्सिअसला सु. ०·४ टक्के वाढतो. त्या मानाने आवर्त प्रवाह घटतात व काटा खाली येतो. तापमानात २५° से. फरक पडल्यास सु. १० टक्क्यांपर्यंत त्रुटी संभवते. ती टाळण्यासाठी चांगल्या वेगमापकांत चुंबकाजवळ निकेल-लोह मिश्रधातूचा एक तुकडा बसवितात. थंड असता तो चुंबकीय स्रोताचा काही भाग स्वतःकडे वळवितो. तापल्यावर त्याची ही क्षमता कमी होऊन वाटीला अधिक स्रोत मिळतो व घट भरून निघते.

अंतरमापकाची गोष्ट वेगळी आहे. त्याची अंकांकित चक्रे त्याच दंडावरून मळसूत्री दंतचक्रांच्या साहाय्याने थेट फिरतात. चुंबक, वाटी किंवा स्प्रिंग यांचा त्यांच्याशी संबंध येत नाही. केबलचे फेरे बरोबर असतील, तर काटा कितीही चुकीचा असला, तरी अंतराची नोंद बरोबरच होते. एकाच पेटीतील या दोन उपकरणांची परस्परांशी तुलना करून दोषाचे स्थान ठरविता येते.

केबलच्या किती फेऱ्यांना किती अंतर धरावे हे पुष्कळदा तबकडीवरच लहान अंकांत छापलेले असते. जुन्या ब्रिटिश तबकड्यांवरील १६०० सारखा अंक दर मैलास केबलचे किती फेरे होतात ते दर्शवितो. जर्मन तबकड्यांवर ‘डब्ल्यू’ या अक्षरापुढे दर मीटरचे फेरे दिलेले असतात. तो अंक ०·७ असल्यास दर किलोमीटरला ७०० फेरे असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या गाडीचा मीटर बसविताना तबकडीचा आकार व आट्या जुळल्या, तरी हा अंक जुळला नाही, तर वेग व अंतर दोन्ही चुकतात.

इलेक्ट्रॉनीय वेगमापकात केबल नसते. चाकाजवळ किंवा गिअरपेटीतील दंतचक्राजवळ संवेदक बसविलेला असतो. प्रत्येक दात संवेदकासमोरून जाताना एक विद्युत् स्पंद निर्माण होतो. स्पंदांची संख्या मोजून सूक्ष्मप्रक्रियक वेग व अंतर हे दोन्ही काढतो. भारतात १२५ घ. सेंमी. पेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या प्रकारच्या दुचाकींना १ एप्रिल २०१८ पासून व त्या वर्गातील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून चाक जखडण्यास प्रतिबंध करणारी रोधनयंत्रणा (एबीएस) आवश्यक झाली. अशा अनेक गाड्यांत वेगाची माहिती या यंत्रणेच्या चाकावरील संवेदकाकडूनच घेतली जाते.

त्रुटींची कारणे : कारणांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात चाक व केबल यांमधील प्रमाण बदलविणारी कारणे येतात. ज्या चाकावरून फेरे घेतले जातात त्याच्या टायरचा परीघ हा त्यांतील मुख्य घटक होय. रिमचा व्यास १८ इंच (४५७·२ मिमी.) असून टायर ९०/९० या मापाचा असेल, तर बाहेरील व्यास ६१९·२ मिमी. व परीघ सु. १,९४५ मिमी. येतो. त्याऐवजी १००/९० मापाचा टायर घातल्यास परीघ सु. २,००२ मिमी. होतो. फरक जेमतेम ३ टक्के असला, तरी काटा ८० दाखवीत असता खरा वेग ८२·३ किमी. असतो. टायर झिजल्यास याच्या उलट परिणाम होतो. या चाकाची त्रिज्या झिजेमुळे ५ मिमी. ने कमी झाली, तर वेगमापक सु. १·६ टक्के अधिक वेग दाखवू लागतो. हवा कमी असल्यानेही काटा किंचित वर राहतो.

फेरे गिअरपेटीवरून घेतले जात असतील, तर साखळीच्या दंतचक्रांतील बदलाचा परिणाम याहून मोठा असतो. पुढील दंतचक्राचे दात १५ ऐवजी १६ केल्यास काटा ८० वर असता खरा वेग ८५·३ किमी. होतो. गाडी ‘लांब पळावी’ म्हणून केलेला हा लोकप्रिय बदल वेगमापकाला नेमका धोक्याच्या बाजूला नेतो. फेरे पुढील चाकावरून घेतले जात असल्यास मागील टायर वा दंतचक्रे यांच्या बदलाने वेगमापकात काहीही फरक पडत नाही. त्यामुळे फेरे कोठून घेतले जातात, हे सर्वप्रथम पाहणे आवश्यक असते.

दुसऱ्या गटात मीटरमधील दोष येतात. चुंबक कालांतराने दुर्बल झाला, तर काटा प्रमाणशीर कमी वेग दाखवितो. स्प्रिंग शिथिल झाली, तर तो जास्त दाखवितो. काटा आपल्या दंडावर सरकला असेल, तर सर्व वेगांना जवळजवळ सारखाच फरक पडतो. धारवे (बेअरिंगे) झिजून वाटी चुंबकाला घासू लागली किंवा केबलमधील वंगण वर चढून दोहोंच्या मधील फटीत शिरले, तर काटा एकदम टोकाला जाऊन अडकतो.

मान्य मर्यादा : प्रत्येक फरक हा दोष नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या विनियम क्र. ३९ नुसार दर्शविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. वाहनाच्या नमुन्याच्या मान्यतेच्या वेळी दर्शविलेला वेग खऱ्या वेगाच्या एकदशांश अधिक ४ किमी. इतक्यापर्यंत जास्त चालतो. म्हणजे खरा वेग ६० असता काटा ७० पर्यंत व ८० असता ९२ पर्यंत असू शकतो. टायरांच्या मापांतील फरक, तापमान व उत्पादनातील विषमता या सर्वांना सामावून घेऊनही काटा खऱ्या वेगाखाली जाऊ नये, म्हणून निर्माते तो मुद्दाम थोडा वर ठेवतात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापकासंबंधी आहे. नव्या प्रकारच्या वाहनांची नियमांनुसार चाचणी घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेचा समावेश होतो. नव्या गाडीचा काटा ५ टक्के वर असल्यास तो खाली आणण्याचा खटाटोप सहसा करू नये. टायर वा दंतचक्र बदलताच तो खऱ्या वेगाखाली जाण्याचा संभव असतो.

खऱ्या वेगाचे मापन : सर्वांत साधी पद्धत म्हणजे किलोमीटरचे दगड व सेकंद दाखविणारे घड्याळ. सपाट, सरळ व कमी रहदारीच्या रस्त्यावर काटा एका आकड्यावर स्थिर ठेवून एक किलोमीटर जाण्यास लागणारा वेळ दुसऱ्या व्यक्तीने मोजावा. ३,६०० ला सेकंदांच्या संख्येने भागले असता ताशी किलोमीटरांत खरा वेग मिळतो. वळणावर गाडी कलली म्हणजे टायरचा कमी व्यासाचा भाग रस्त्याला टेकतो व काटा वर जातो, म्हणून चाचणी सरळ रस्त्यावरच घ्यावी. रस्त्याच्या सुधारणेमुळे दोन दगडांतील अंतर नेहमीच अचूक नसते. त्यासाठी अनेक दगडांची सरासरी घेणे व दोन्ही दिशांना मोजणे इष्ट असते. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारी साधने (जीपीएस) आता सहज उपलब्ध आहेत. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम घातलेली त्रुटी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकल्यापासून त्यांची अचूकता पुष्कळ वाढली. मोकळ्या आकाशाखाली स्थिर वेग काही सेकंद राखल्यास त्यांचे वाचन तुलनेसाठी पुरेसे विश्वसनीय असते. वेग वाढत वा घटत असताना मात्र ते मागे पडते. चाचणीपूर्वी टायरांत ठरलेल्या दाबाची हवा भरावी आणि वाचन चालकाने न करता मागे बसलेल्याने करावे.

निदान : एकाच वेगाला घेतलेल्या मापनावरून त्रुटीचा प्रकार कळत नाही, निदान दोन वेगांना मापन करावे लागते. काटा ६० वर असता एक किलोमीटरला ६६ सेकंद लागले, तर खरा वेग ५४·५ किमी. होय. काटा ४० वर असता ९९ सेकंद लागले, तर खरा वेग ३६·४ किमी. होय. दोन्ही वेळा दर्शविलेला वेग खऱ्याच्या १·१ पट आहे. म्हणजे त्रुटी प्रमाणशीर आहे. याउलट ६० ला खरा वेग ५५ व ४० ला ३५ आढळला, तर फरक दोन्हीकडे ५ किमी. आहे, अशा वेळी काटा दंडावर सरकला असण्याचा संभव अधिक असतो.

प्रमाणशीर त्रुटी आढळल्यास अंतरमापकाकडे वळावे. किमान दहा किलोमीटर अंतर जाऊन नोंद पाहावी. वरील उदाहरणात अंतरमापकानेही दहाऐवजी अकरा किलोमीटर नोंदले, तर दोष टायर, दंतचक्र किंवा न जुळणारा मीटर यांत आहे. त्याने दहाच नोंदले, तर केबलचे फेरे बरोबर असून दोष चुंबक वा स्प्रिंग यांत आहे. काटा थरथरत असल्यास केबल कोरडी पडली आहे, मुरगळली आहे किंवा तिला तीव्र वळण दिले गेले आहे असे समजावे. काटा व अंतरमापक दोन्ही बंद असल्यास केबल तुटली आहे, तिचे चौकोनी टोक झिजले आहे किंवा चाकाकडील दंतचक्र निकामी झाले आहे. पुढील चाक पंक्चरसाठी काढल्यानंतर हे लक्षण दिसले, तर चालक कडीचे दोन दाते तुंब्यातील खाचांत बसले आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. काटा चालतो पण अंतर सरकत नाही, असे असल्यास अंतरमापकाचे दंतचक्र तुटलेले असते.

दुरुस्ती : केबलचा दोष दूर करणे सर्वांत सोपे असते. आतील तार बाहेर काढून पुसावी व तिला पातळ थर बसेल इतकेच वंगण लावावे. मीटरकडील सु. १५ सेंमी. भाग कोरडा ठेवावा. अन्यथा वंगण मळसूत्राप्रमाणे वर चढून वाटीपर्यंत पोहोचते. केबल बसविताना तिला मोठे, सैल वळण द्यावे व सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही याची खात्री करावी.

फेऱ्यांचे प्रमाण चुकत असल्यास मूळ मापाचा टायर वा दंतचक्र परत बसविणे हा उत्तम उपाय होय. बदल कायम ठेवावयाचा असेल, तर चाकाकडील दंतचक्रांची योग्य जोडी बसवितात किंवा केबलच्या मार्गात लहान दंतचक्रपेटी घालतात. तिचे प्रमाण खरा वेग भागिले दर्शविलेला वेग इतके असावे लागते. काटा ८० असता खरा वेग ७२ असल्यास हे प्रमाण ०·९ येते. म्हणजे आत येणाऱ्या दहा फेऱ्यांमागे बाहेर नऊ फेरे निघाले पाहिजेत. या उपायाने वेग व अंतर दोन्ही एकदम सुधारतात. दोष मीटरच्या आत असताना मात्र हाच उपाय केल्यास काटा बरोबर येतो, पण बरोबर असलेला अंतरमापक बिघडतो.

मीटर उघडण्याचे काम कुशल कारागिराने करावे. काचेची धातूची कडी पेटीवर वळविलेली असते. ती उचकटून पुन्हा नीट न बसविल्यास पावसाळ्यात आत पाणी शिरते, काचेवर वाफ धरते व तबकडी खराब होते. पुष्कळ मीटरांत शून्याजवळील खुंटीवर काटा स्प्रिंगच्या ताणाने टेकलेला असतो. म्हणून काटा काढण्यापूर्वी तो खुंटीवरून अलगद उचलून त्याची मुक्त स्थिती तबकडीवर नोंदून ठेवतात व बसविताना त्याच खुणेवर बसवितात. ही खूण न करता काटा शून्यावर टेकविल्यास सर्व वाचने बदलतात. दुर्बल चुंबकाचे पुन्हा चुंबकन करणे व स्प्रिंगचा ताण बदलणे यांसाठी ज्ञात वेगाने फिरणारा दंड लागतो. केबलचे दर किलोमीटरचे फेरे जितके, तितकेच फेरे दर मिनिटाला दिले असता काटा ताशी ६० किमी. वर आला पाहिजे. कारण ६० किमी. वेगाने एक किलोमीटर बरोबर एका मिनिटात कापला जातो. त्यानंतर कमी व अधिक वेगांनाही पडताळणी करतात.

इलेक्ट्रॉनीय वेगमापकात काही प्रकारांत टायरचा परीघ किंवा स्पंदांची संख्या अंकांनी भरण्याची सोय असते. ती नसल्यास संवेदक व मीटर यांमधील तारेत स्पंदांचे प्रमाण बदलणारी लहान मंडलपेटी जोडतात. चाक जखडण्यास प्रतिबंध करणाऱ्या यंत्रणेला जाणाऱ्या संवेदकाच्या तारेत अशी पेटी कधीही जोडू नये. दोन्ही चाकांच्या वेगांची तुलना करूनच ती यंत्रणा ब्रेकचा दाब सोडते. खोटे स्पंद मिळाल्यास ब्रेक ऐन वेळी चुकीचे कार्य करतील. पेटीने स्पंद बदलले म्हणजे अंतराची नोंदही त्याच प्रमाणात बदलते. अनेक नव्या गाड्यांत अंतर जवळजवळ अचूक नोंदले जाते व केवळ दर्शविलेला वेग मुद्दाम वर ठेवलेला असतो. अशा गाडीचा काटा पेटीच्या साहाय्याने अचूक केल्यास अंतर कमी नोंदले जाऊ लागते.

अंतराची नोंद व प्रामाणिकता : मीटर बदलताना किंवा त्याची दुरुस्ती करताना अंतरमापकाच्या आकड्यांना हात लावण्याचा मोह होतो. जुन्या गाडीची किंमत या आकड्यांवरून ठरत असल्यामुळे तो फसवणुकीचा नेहमीचा मार्ग आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये केंद्रीय कायद्याने अशा फेरफारास बंदी घालण्यात आली. नवा मीटर शून्यापासून सुरू झाला असल्यास जुन्या मीटरवरील अंतिम नोंद, बदलाचा दिनांक व कारण देखभालीच्या वहीत लिहून ठेवावे आणि गाडी विकताना ते ग्राहकास दाखवावे. टायर वा दंतचक्र बदलल्यामुळे राहिलेली ज्ञात त्रुटीही तेथेच नोंदविल्यास पुढील चालकाला काट्याचे वाचन किती धरावे हे कळते. काही कारणाने दुरुस्ती लांबणीवर पडल्यास ४०, ६० व ८० या वाचनांना खरा वेग किती, हे लहान चिठ्ठीवर लिहून ती मीटरजवळ चिकटविणे हा तात्पुरता, पण सुरक्षित उपाय आहे.